वालूरच्या रस्त्यासाठी पाटे

१० जून १९३८
आजपासून रोज लिहायचं. मनकर्णा माहेरी, वालूरला आहे. आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं, त्यानंतर सासरे तिला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. मला कारण माहीत आहे. आदल्या दिवशी तिला घेऊन मानवतहून येताना मोटार ओढ्यात अशी आदळली की माझं डोकं टपाला लागलं. धक्के झेलणारे खालचे लोखंडी पाटे पार दबलेत. ते बदलायचे, मग तिला मोटारीनं आणायचं. आठ दिवसांचं काम.

१९ जून
सेलूत मोटार समजणारा एकच माणूस, गफूर मिस्त्री. त्याच्याकडे मोडक्या लॉरीचे पाटे आहेत. म्हणतो, हाथी बैठे तो भी नई झुकते, सेठ. घेतले.

कडूआत्या विचारते, मूळ कधी धाडतो? आपल्याकडं माहेरी गेलेली बाई आपली आपण परत येत नाही, सासरचं कुणीतरी न्यायला जावं लागतं, हे मला शिकवायची गरज नाही. पाटे बसू दे म्हणालो. ती म्हणाली, बैलगाडी काय मेली हाय का? मी म्हणालो, घरात मोटार असून बायकोला बैलगाडीनं आणायचं! बाजारपेठ काय म्हणेल?

२ जुलै
लॉरीचे पाटे बसवले. कापसाच्या जिनापर्यंत टेस्ट घेतली. एक दाढ दुखायलीय. मिस्त्री म्हणाला, लोड पाहिजे. सरकीची सहा पोती घातल्यावर उत्तम चालली.
मनकर्णा सहा पोती नाही. भेटून आलेले सांगतात, लय वाळलीय.

२१ जुलै
पाऊस. वालूरच्या चिखलात मोटार जाणं अशक्य, म्हणजे यात माझा दोष नाही. मुंबईहून मोटारीच्या सुट्या भागांचा कॅटलॉग आला. अभ्यास सुरू. ‘रीबाउंड’ म्हणजे खड्डा संपल्यावरही गाडी किती वेळ हलत राहते ते. हे आजवर कुणी मला सांगितलं नव्हतं.
जेवण बेचव. आत्या म्हणते मीठ बरोबर आहे.

१ ऑगस्ट
मेहुणा भुजंग बियाण्याच्या कामानं आला होता. म्हणाला, दाजी, आक्का इचारायलीय, कुणी येणार हाय का? मी त्याला जाड पाटे आणि पातळ पाटे यातला फरक समजावून सांगितला. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, चहा घेतला, गेला. जाताना कॅटलॉगचं एक पान दिलं. तिला दाखव म्हणालो. तिला बरं वाटेल.

९ ऑगस्ट
निश्चय: पोळ्याच्या आत फायनल करायचं.

२८ ऑगस्ट
पोळा झाला. मुंबईहून मागवलेल्या पातळ पाट्यांचं पार्सल अजून स्टेशनात नाही. रेल्वेचं हे असंच.

१२ सप्टेंबर
पातळ पाटे आले, बसवले. एकदम कम्फर्ट. आत्याला मागं बसवून नाक्यापर्यंत नेलं. कशी वाटते विचारलं. म्हणाली, पाळण्यागत हलायलीय.  
शॉक अब्सॉर्बर मागवले.

३ ऑक्टोबर
दसरा. रस्ते वाळले. मोटारीला हार घातला. पेठेतले लोक सोनं द्यायला आले आणि मनकर्णाबाई दिसत न्हाईत म्हणाले. मी त्यांना मोटारीखाली वाकून बघायला लावलं. दोघे वाकले.

१४ ऑक्टोबर
दोन जाड, तीन पातळ, वर शॉक अब्सॉर्बर. मागच्या सीटवर तांब्या ठेवून स्टेशनापर्यंत गेलो, थेंब सांडला नाही. मिस्त्री हात पुसत म्हणाला, अब कुछ बाकी नई, सेठ. जाव, बीबी को लाव.
छातीत कसंतरी झालं. अपचन असावं. त्याला दाराच्या बिजागऱ्या बघायला सांगितल्या.

१९ ऑक्टोबर
बिजागऱ्या चांगल्या निघाल्या. हॉर्न बघायला सांगितला.

२४ ऑक्टोबर
पाडवा. ओवाळायला कुणी नाही. आत्या ताट घेऊन आली, मग तिच्याच लक्षात आलं, हे तिचं काम नव्हे. ताट तसंच घेऊन आत गेली. मला विशेष काही वाटलं नाही. आजकाल कशाचंच वाटत नाही. तब्येत तशी ठणठणीत आहे.

२८ ऑक्टोबर
वालूरला जाऊन मनकर्णाला आणलं. प्रोग्राम ठरल्याप्रमाणे पार पडला.

सासूबाई म्हणाल्या, लेकीनं पंचमीपासून बोचकं बांधून ठेवलंय. सासरे किशनरावांनी ते आणून मोटारीत ठेवलं. मनकर्णा मागं बसली. पाटे असे जमलेत की सबंध रस्त्यात खडखडाट म्हणून नाही. वाटेतला ओढा मुद्दाम वेगात घेतला. धक्का लागला का विचारलं. न्हाई म्हणाली. पुढं पुन्हा एका खड्ड्यापाशी विचारलं. न्हाई. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, धक्क्यानं गेलं न्हाई ते. मानवतला निघायच्या आदीच हालायचं थांबलं होतं. म्या तुमाला सांगितलं होतं. तुमी चाकात हवा भरायला लागला होता, हूं म्हणलाव.

 ती म्हणाली, सबंध पावसाळा वाट बघितली, तुमी याल, इचाराल. बैलगाडीनं आला असताव तरी चाललं असतं.

जुन्या पाट्यांवर यातलं काही ऐकू आलं नसतं. आता मोटार इतकी गप्प चालते की सगळं नीट ऐकू आलं. सेलू येईपर्यंत पुढं कुणीच बोललं नाही, तेही ऐकू येत होतं.

घरी आल्यावर ती बोचकं घेऊन आत गेली. मी थोडा वेळ मोटारीपाशी थांबलो, मग खाली वाकून बघितलं. पाट्यांत आता बदलण्यासारखं काही राहिलेलं नाही.