हद्दीच्या आठ फूट आत

११ जाने., रवि.
राजोडीत सुट्टीची गर्दी. शेजारच्या विलासच्या कॉटेजवरचे पाहुणे पुन्हा माझ्या वाडीत. फोटोसाठी सोनचाफ्याची फांदी मोडली. याच झाडांच्या फुलांवर माझं घर चालतं. "आंटी, हे रिसॉर्टमध्येच येतं ना?" विलास खुर्चीतून हलला नाही. "कुंपण घाला ना ताई. उघडं ठेवल्यावर कोणीही येणार."
घालते.

१४ जाने.
तुळिंजला दादाची जुनी बिल्डिंग पाडतायत. ढिगातली दारं मागितली. मुकादम म्हणाला, उचला, तेवढाच आमचा भार कमी. अकरा दारं. कळंबच्या किनाऱ्यावर टाकून दिलेली दोरी गोणीभर मिळाली. दादा फोनवर : "कुंपणाची कटकट कशाला? वाडी विकून टाक." फोन ठेवला.

१७ जाने.
फ्रान्सिसकाका आले. सुतारकाम सोडून दहा वर्षं झाली, नजर अजून सरळ. खांब घेणं परवडत नाही, म्हटलं. त्यांनी माझ्या वडिलांनी, अप्पांनी, लावलेल्या सुपाऱ्यांकडे बोट केलं. "या उभ्या हायत ना? यांनाच बांध. खड्डे कोन खननार?"
सुपाऱ्यांची रांग हद्दीच्या आठ फूट आत. पलीकडच्या पट्ट्यात बावखलाच्या तळ्यातून झाडांना पाणी आणणारा पाइप, कोपऱ्यात हद्दीचा दगड. तसं सांगितलं. "दगड काय चालत जातोय?"
पटलं.

२२ जाने.
झालं. अकरा दारं रांगेत. एकावर अजून ३०४. विलास : "बेल कुठली वाजवायची ताई?" पाहुणे हसले. हसू देत. एकही आत आला नाही.

२ फेब्रु.
पट्ट्यात दोन गाड्या. काढायला सांगितलं. "कुंपणाच्या बाहेर आहेत ना ताई?"
उत्तरं आत्ता सुचतायत, दहा.

५ फेब्रु.
बाजारातून आले तर पट्ट्यात पेव्हर ब्लॉक. निम्मे बसवूनही झाले. पाइप कापलेला. दगड खाली गाडला की उपटला, कोणी सांगत नाही. विलास हात जोडून बोलतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं. "हद्द तुम्हीच दाखवलीत. मी एका शब्दाने काही बोललो का?"
नाही बोलला. बळकावायची तसदीसुद्धा घ्यावी लागली नाही त्याला. मी दारं लावून दिली.

६ फेब्रु.
मोजणीचा अर्ज. कारकून : "नंबर लागेल तेव्हा येतील." तोवर? "सध्या कुंपण कुठाय?" सांगितलं. त्याने मान वर करून पाहिलं. कीव होती. कीव नको होती.

७ फेब्रु.
हातपंपावरून कळशा. चार झाडांना पुरलं. बाकीच्यांची पानं लोंबतायत, कळ्या गळतायत. दादाचा फोन घेतला नाही.

८ फेब्रु.
काकांवर ओरडले. अक्कल कुठे ठेवली होती तुम्ही?
"माजी म्हातारपनात गेली. तुजी कुठं होती?"
मग म्हणाले, "पहार हाय का घरात?"

९ फेब्रु.
सकाळीच दारांच्या दोरीच्या गाठी कापल्या. गाठी पक्क्या, कोयता बोथट. बोटं सोलली. सुपाऱ्यांपासून टेपने आठ फूट मोजले, ब्लॉक उपटायला घेतले. पाइपचं एक तोंड मिळालं. दगड नाही.
विलासने आज हात जोडले नाहीत. "माझ्या जागेत तोडफोड? पोलिसांना बोलावतो."
काका : "बोलव. च्या तूच पाज."
तो फोन घेऊन गेटकडे गेला. पहिला खड्डा गुडघाभर. दार उभं केलं. काका माती आणायला गेलेत. मी दाराला पाठ लावून लिहितेय, सरकले तर पडेल. पाहुण्यांची गाडी आली आहे, बंपर माझ्या गुडघ्यापासून हातभर. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.