सकाळची पहिली यातच

ती. स्व. दादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे आठांपैकी दोन अंगं उभीच आहेत, ती वाकली असं समजून घे.) तुझी तब्येत कशी आहे? हे रीत म्हणून नाही, खरंच विचारतोय. उत्तर वहिनीकडून कळलं तर बरं, कारण तुला तब्येत विचारली की तू हवामान सांगतोस. गेल्या महिन्यात तू दोन दिवस राहून गेलास, घर भरल्यासारखं वाटलं. माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या दारावरची 'ढकला' ही पाटी चुकीच्या बाजूला लागली होती, ती तू गेल्यावर काढली. तीस वर्षं वाचनालयात पाट्या लावलेला माणूस ओढायचं दार दहा मिनिटं ढकलत उभा राहतो, हे गिऱ्हाइकांना बघवेना.

आता मुख्य हकीकत. ताईची लेक चिमणी (चाळिशीला आली, डॉक्टरेट झाली, पण आपल्याला चिमणीच) प्रयोगशाळेत लघवीचा वास ओळखणारं यंत्र घेऊन बसली आहे. हसू नकोस, मी हसलो आणि अर्धा तास बोलणी खाल्ली. लघवीतून काही पदार्थ हवेत उडून जातात. किडनीत कॅन्सर असला तर त्यांचं मिश्रण बदलतं, आपल्या नाकाला ते कळत नाही, यंत्राला कळावं असा तिचा खटाटोप. हे दुखणं म्हणे बराच काळ ब्र काढत नाही, म्हणून आधी सुगावा लागला तर माणूस हाती लागतो. यंत्राला शिकवायला आजारी माणसांबरोबर साठीची धडधाकट माणसंही लागतात. आपल्या घराण्यात धडधाकट म्हणून तिला मी सापडलो, यावरून तिची अडचण तुझ्या लक्षात येईल. तिने माझं नाव घातलेल्या दोन बाटल्या दिल्या, एक वापरायची, एक जास्तीची, आणि दोन्हींवर ठळक अक्षरांत चिकटवलं: 'सकाळची पहिली यातच.'

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दाराबाहेर कुणी नुसतं खाकरलं तरी माझं काम अडतं. म्हणून एक बाटली घेऊन मी भल्या पहाटे उठल्या उठल्या दुकान गाठलं, तिथे निवांत भरली आणि खणात ठेवली. दुसरी घरीच राहिली. संध्याकाळी ही म्हणाली, बाटली चिमणी घेऊन गेली. मी समजलो, दुकानातून नेली असेल.

आठ दिवसांनी चिमणी दुकानात आली आणि आरशात न बघता चष्म्याच्या चार फ्रेमा लावून पाहिल्या. यंत्राने माझी बाटली आजारी माणसांच्या रांगेत बसवली होती. यंत्र अजून कच्चं आहे मामा, चुकतं, पण सोनोग्राफी करून घेऊ, म्हणाली. पुढचे चार दिवस काय सांगू. तीस वर्षं एक दिवस न चुकता मला बोलणारी बायको एकदम गोड बोलायला लागली. तरी मी तग धरून होतो. पण ज्या शिंप्याकडे माझी पँट दोन महिने लोळत पडली होती, त्याने ती त्याच संध्याकाळी घरी आणून दिली, तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

सोनोग्राफी झाली. दोन्ही किडन्या ठणठणीत, पोटात फक्त गॅस. (उडून जाणारे पदार्थ निघाले ते एवढेच.) चिमणीने दुसऱ्यांदा बाटली घेतली, तीही स्वच्छ. बिचारीने वहीत लिहिलं, यंत्र चुकलं, आणि तोंड पाडून घरी गेली. घरात आनंदीआनंद, आणि मला पुन्हा रोजच्यासारखी बोलणी सुरू. सगळं छान आहे. वहिनीला नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. काल दुकानातला खण आवरताना मागे माझी बाटली सापडली. भरलेली, झाकण लावलेली. म्हणजे चिमणीने नेली ती ही नव्हेच. हिला विचारलं, तर म्हणाली, ती न्हाणीघरातल्या फळीवर होती, भरलेली, वरून नीट पुसून ठेवलेली, मला वाटलं तुमचीच. दादा, ती सकाळ तुझ्या मुक्कामाची. आणि पाटीवर लिहिलंय म्हणून मुकाट्याने तसं करणारा माणूस आपल्या घरात एकच आहे.

ता. क. २. चिमणीला सगळं सांगितलं. म्हणाली, आपलं यंत्र चुकलेलं असू दे असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटतंय. आणि चुकलं नसेल, तर फार लवकर कळलंय, बहुधा तुला कुठे दुखायच्या आत. फोन केला नाही, कारण तू हवामान सांगून ठेवून दिला असतास, आणि मला बोलता आलं नसतं. मला भीती वाटते दादा. स्वतःच्या वेळी वाटली त्याहून जास्त.

ता. क. ३. हे पत्र टपालाने नाही, चिमणीच्या हाती पाठवलंय. ती आत्ता तुझ्यासमोरच बसली असेल आणि तू वाचेपर्यंत खिडकीबाहेर बघत असेल. सोनोग्राफी गुरुवारी दहाला आहे, मी दारात उभा असेन. कारणं काढशील हे ठाऊक आहे, म्हणून खाली तुझ्या भाषेत लिहितो:

सूचना
पत्र वाचून होताच चिमणीबरोबर गाडीत बसावे.
हुकुमावरून