काल हेडफोन ओढला त्याबद्दल

राजनंदिनी,

मी बिडकीनला भामाआत्याकडं जातेय, दिवेलागणीच्या आत येते. वरण-भात कुकरमध्ये आहे. कालपासून तू जेवली नाहीस. राग माझ्यावर काढ, अन्नावर नको.

काल सोमवार, माझं मौन. आतून तू ओरडलीस, "आई गं, मेले, उचला मला!" मी जपाची माळ तशीच टाकून धावले, तुझ्या कानावरचा हेडफोन ओढला आणि "काय झालं गं?" असं बोलून बसले. तू तर गादीवर धडधाकट. तुमची त्या मारामारीच्या गेमची स्पर्धा चालू होती आणि माझ्यामुळं तुम्ही हरलात, हे मला नंतर तुझ्या टीममधल्या श्रेयानं सांगितलं.

बाळा, मला खरंच उमगत नाही. झोपवलं म्हणजे मारलं, उचललं म्हणजे जिवंत केलं, आणि लूट सापडली की तुम्ही सगळ्या खूश. श्रेया म्हणते, "काकू, ती रोजच मरते, मेल्यावर पण बोलत राहते." देवासमोर बसून मी हे कसं ऐकायचं?

मौन मोडलं ते मनावर घेऊ नकोस, सोमवार मी पुन्हा पहिल्यापासून धरीन. श्रेयाला सांगितलंय, चूक माझी आहे, नंदिनीला टीममधून काढू नका.

तू खुशाल मर, कुणालाही झोपव, मी जागची हलणार नाही. फक्त आधी "आई गं" म्हणू नकोस. ते ऐकलं की मला बसवत नाही.

आई