परसातलं रान आणि सीटवरचं वजन

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (पूर्ण वाकून केलाय, मध्ये पोट असूनही.) तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघं खुशाल, म्हणजे मी खुशाल आणि तुमचे बंधू पलंगावर. घाबरू नका, नुसता पायाचा अंगठा आहे. पण त्या अंगठ्यापर्यंत पोचायला मला जरा मागून यावं लागेल.

तुम्ही पाठवलेला आहाराचा कागद यांनी फ्रिजवर चिकटवलाय. सकाळी कोमट पाणी, दुपारी काकडी, रात्री पश्चात्ताप. (शेवटचं मी घातलंय.) तुमच्या माहेरची माणसं सगळी काडीपैलवान, त्यामुळे माझ्याकडे बघून तुम्हाला काळजी वाटते हे मी समजू शकते. त्यात यांचा जन्म वजनमाप खात्यात गेलेला. दुकानदाराने तराजूच्या तळाला चिकटवलेलं लोहचुंबक नुसत्या नजरेने हुडकणारा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की त्याने कुणाला तोलायचं? दर रविवारी मला काट्यावर उभं करतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. शेजारच्या बाई हल्ली रविवारी खिडकी उघडीच ठेवतात.

असो. मागच्या परसाचं तुम्हाला ठाऊक आहेच. तुम्ही आला होतात तेव्हा रान कमरेइतकं होतं. नंतर ते इतकं माजलं की स्वयंपाकघराचं मागचं दार उघडेना, कारण बाहेरून झुडपं त्याला पाठ लावून उभी. कपडे वाळत घालायची तार आत कुठेतरी होती, आणि तारेवर यांचा एक सदराही. मी भर दुपारी दिवा लावून भाजी चिरत होते. मला दुसरं काही नको होतं हो, ते एक दार उघडायला हवं होतं.

म्हणून यांनी गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर आणला. लाल रंगाचा, पोटाखाली फिरती पाती, वर ऐटदार सीट. पुढच्या दांडीने झुडूप वाकवायचं, त्याच्यावर चढायचं, की खाली त्याचा भुगा होतो. बोटाएवढी रोपटी सहज जातात, मनगटाएवढी असतील तर आधी करवत. हे टोपी घालून रुबाबात बसले, दहा हात गेले आणि मशीन बंद. पुन्हा चालू केलं, खड्डा आला, पुन्हा बंद. मेकॅनिकला बोलावलं. हा गृहस्थ इतका रुंद की आमच्या फाटकातून अंग तिरकं करून आत येतो. तो सीटवर बसला, दोन चकरा मारल्या, मशीनची काही कुरकुर नाही. तो उतरला, हे चढले, बंद! दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तो आलाच नाही.

मग यांनी खात्यातल्या आवाजात जाहीर केलं, "सदोष माल आहे, परत जाणार." मशीन गेलं म्हणजे दार गेलं. न्यायला टेम्पो येणार म्हणून हे वाट दाखवायला कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, आपण निदान फाटकापर्यंत आणून ठेवावं. (हात लावू नकोस असं हे बजावून गेले होते, पण बसू नकोस असं काही म्हणाले नव्हते.) बसले, किल्ली फिरवली, सुरू! विटांवरून गेले, खड्ड्यातून गेले, सुरूच! मग मी फाटकाकडे कशाला जाते? वळले ती थेट रानात घुसले. तार सापडली. सदराही सापडला, पण पात्यांना आधी सापडला.

पुढे काय आहे ते बघायला जराशी उठले, तर मशीन बंद. बसून किल्ली फिरवली, चालू. उठले, बंद. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माणूस सीटवर आहे की उतरला, हे त्या सीटला कळतं, आणि उतरला असेल तर कुणाचा पाय कापू नये म्हणून मशीन थांबतं. सोय चांगलीच आहे. फक्त तुमचे बंधू प्रत्येक खड्ड्याला हवेत उडतात आणि मशीनला वाटतं, साहेब घरी गेले. जन्मभर लोकांची मापं धरली आणि शेवटी मशीनने यांचं धरलं. वजन कमी भरलं हो!

टेम्पो रिकामा परत गेला. यांना मी हे समजावलं तर म्हणाले, "तुझं आपलं काहीतरीच!" पण मग गुपचूप आत गेले आणि निरोप समारंभात मिळालेलं पितळेचं मोठं वजन मांडीवर घेऊन बसले. पहिल्या खड्ड्याला दोघंही बरोबर उडाले, उतरले मात्र वेगवेगळे. हे सीटवर आणि पितळ अंगठ्यावर.

तेव्हापासून मी रान कापते आणि हे पलंगावरून, खिडकीतून काठी हलवत, "डावीकडे! अगं, तुझ्या डावीकडे!" करतात. परवा दार उघडलं. ऊन थेट ओट्यापर्यंत आलं. खरं सांगते, मी तिथेच उभी राहून रडले. हे लंगडत आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान झालं गं." मग दाराबाहेर डोकावून म्हणाले, "कडा सरळ नाही आल्या." मला दोन्हींचा आनंद झाला.

भावोजींना नमस्कार.

तुमची भारदस्त भावजय

ता. क. : कुंपणाकडचं अर्धं रान अजून बाकी आहे, आणि अंगठा बरा झाला की यांना सीट परत हवी आहे. तेव्हा यांना हवापालटाला तुमच्याकडे पाठवते. नाही म्हणू नका.

ता. क. दुसरा : तुमचा आहाराचा कागदही सोबत देते. त्यात लिहिलंय त्याच्या बरोब्बर उलट यांना खाऊ घाला. वजन मेकॅनिकच्या निम्म्याने तरी भरल्याशिवाय परत पाठवायचं नाही, असं यांच्याही संमतीने ठरलंय.

ता. क. तिसरा (हा यांच्या हाती लागू देऊ नका) : रविवारचा काटाही यांच्या सामानात घातलाय. त्याच्या तळाशी मी थोडी कारागिरी केली आहे, कितीही खाल्लं तरी तो कमीच दाखवतो. बघू या, साहेबांच्या किती दिवसांत लक्षात येतं ते. मला रान संपवायला तेवढे पुरतील.