डिस्क कोरी होताना

३ सप्टेंबर १९९१, मानवत
आज कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत रुजू झालो. मॅनेजर दिनकररावांनी कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला. झाडलोट करणाऱ्या चतुराबाईंनी मला खोलीबाहेर चपला काढायला लावल्या. यंत्र मुंबईहून आलेलं, जुनं. आधीच्या मालकाचं सगळं पुसून डिस्क कोरी करायची, हे माझं पहिलं काम. जागा छान आहे. चहा तर फारच छान.

४ सप्टेंबर
यंत्र मुलखाचं आळशी. निम्मं पुसून झालं की आपोआप बंद पडतं, पुन्हा सुरू होतं आणि इंग्रजीत नाव विचारतं. मी ‘सुधाकर’ टाइप करतो, की पहिल्यापासून सुरुवात. संध्याकाळी चतुराबाईंनी विचारलं, कोणाला भेटायला आलात? नव्या माणसाची टिंगल! डोकं फिरलं.

६ सप्टेंबर
आज दिनकररावांनीही तेच केलं. शिपायाला बोलावून म्हणाले, यांना बाहेर बसवा. मी तोंडावर सुनावलं. हा कसला खेळ लावलाय यांनी? ही डिस्क कोरी करून यांच्यापुढे आदळणार. पुन्हा बंद पडली. पुन्हा नाव दिलं.

८ सप्टेंबर
खोलीमालक किशनरावांनी माझी ट्रंक बाहेर ठेवली. माझ्या खोलीत दुसरंच कुटुंब स्वयंपाक करत होतं. मला चोर म्हणाले. रागानं ट्रंकेतलं कोर्सचं सर्टिफिकेट काढून नाकासमोर धरलं. नावाची जागा कोरी. शाईचा डागसुद्धा नाही.
ती डिस्क पुसली जातच नाही. ती मला पुसतेय.

१० सप्टेंबर, सोनपेठ
घरी आलो. आईनं ओळखलं. म्हणाली, दगडू, किती वाळलास. आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून माझ्यावर काळाची नजर पडू नये असं तिनं हे नाव ठेवलं होतं. मला लाज वाटायची. बाहेर कुणाला कधी सांगितलं नाही. म्हणजे यंत्रालाही ठाऊक नाही. आज ते नाव ऐकून रडलो.
उद्या जाऊन ते यंत्र फोडणार. आई ऐकत नाही, सोबत येतेय.

११ सप्टेंबर, मानवत
जेवणाची सुट्टी. खोलीत कुणी नाही. आई पायरीवर बसलीय.
वायर उपटली. वायर माझ्या हातात आहे — यंत्र चालूच. विचारतंय, दुसरं नाव?
नाही देणार. मर तिकडे. लोखंडी पाना आणलाय, आता —
बाहेरून आईची हाक. “दगडू, भाकर खाऊन घे की रं.”
आई, गप. नाव घेऊ नको —
पडद्यावर त्या नावाची अक्षरं उमटतायत. मी हात लावला नाही. एक, दोन —
ओरडलो तिच्यावर. गप बस म्हणालो. ती दारात आली. हातात भाकरी. माझ्याकडे बघतेय, परक्या माणसाकडे बघावं तशी.
“मी कुनाला हाक मारायले बरं?”
मला, आई. मला. मी तुझा —