दिव्याचा रोज

माळवस्ती, पेडगाव
दि. १२ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप सिताराममामा यांस,
कस्तुराचा सविनय जयभीम. वि. वि.

आधी माझी चूक दुरुस्त करते. जुलैच्या पत्रात मी लिहिलं होतं की आपल्या वस्तीत वीज आली. ते खरं नव्हतं. वीज आली नव्हती. किशनरावांनी त्यांच्या विहिरीच्या मोटारीवरून तार ओढून दिली होती, आपल्या अकरा घरांना घरटी एक बल्ब. बदल्यात महिन्यातून एक दिवस घरातल्या एका बाईनं त्यांच्या रानात मजुरी न घेता राबायचं. बाया त्याला दिव्याचा रोज म्हणतात. आई चार वेळा गेली, एकदा तिला ताप होता म्हणून मी गेले. हे तुम्हाला कळवलं नाही, कारण वीज अशीच मिळते असं मला वाटलं. शाळेच्या भिंतीवरचा मीटर मी इतकी वर्षं पाहिला, पण तो सरकारी इमारतीलाच असतो असं धरून चालले. घरातून दहावीपर्यंत पोचलेली मी एकटी, आणि मला एवढंही ठाऊक नव्हतं.

पुढचं लिहायला लाज वाटते. किशनरावांची मोटार सुरू झाली की आमचा बल्ब निखाऱ्यासारखा लाल व्हायचा. माझ्या प्रौढशिक्षणाच्या वर्गात बायांना पाटीवरचं अक्षर दिसेना. म्हणून मी परभणीच्या वीज कार्यालयाला अर्ज केला, आमच्या वस्तीस पुरेशा दाबाने वीज मिळावी असा. अकरा घरांची नावं समासात ओळीनं लिहिली.

आठवड्याभरात एक साहेब तोच अर्ज हातात घेऊन आले. अक्षर चांगलं आहे म्हणाले, आणि मीटर दाखवा म्हणाले. मी विचारलं, कुठला मीटर? त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग म्हणाले की बाई, तुम्ही स्वतःच्याच चोरीची तक्रार केली आहे. ते रागावले नाहीत. वस्तीकडची तार त्यांनी तोडली. तिचं दुसरं टोक किशनरावांच्या मोटारीच्या कोठीत जात होतं, पण कोठीला कुलूप आणि किशनराव सेलूच्या बाजारात. दुसऱ्या दिवशी साहेब परत आले तेव्हा तार कोठीतून निघालेली होती आणि शेजारच्या खांबावर तिचा आकडा लटकत होता. किशनरावांनी हात जोडून सांगितलं की गरीब बायांनी आकडा टाकला, त्यांना माफ करा. साहेबांनी ते लिहून घेतलं. दहा डिसेंबरच्या आत आमचं म्हणणं लेखी द्यायचं आहे.

शेजारच्या बायनाबाई म्हणाल्या की त्यांचं सारं आयुष्य अंधारात गेलं, पण त्यांना चोर कोणी म्हटलं नव्हतं. त्याला कस्तुराची दहावी लागली. वर्गाला आता कोणी येत नाही. किशनरावांचा निरोप आहे की ते एक कागद तयार करतात, अकराही घरांनी आकडा टाकल्याचं कबूल करून अंगठा द्यावा. मग ते साहेबांशी बोलतील, आणि संक्रांतीला तार पुन्हा लागेल. आई अंगठा द्यायचं म्हणते. कापूस वेचायला ती त्यांच्याच रानात जाते, सगळ्याच जातात. अंगठा दिला तर अकरा घरं कागदावर कायमची चोर होतील. मी काय करावं ते कळवा.

हे पत्र वीरभद्रअप्पा वाचून दाखवतील. त्यांना नमस्कार सांगा, आणि हसू नका म्हणावं. भाचीवरचा लोभ रागावूनही कमी करू नये.

तुमची,
कस्तुरा


सेलू
दि. १७ नोव्हेंबर १९८६

चि. कस्तुरास मामाचा जयभीम अन् आशीर्वाद.

तुझं पत्र अप्पानं वाचून दाखिवलं. हसू नका म्हणून तू लिव्हलंस, पर आमी हासलो. जिनिंगातले हमाल बी हासले. चोरून आणलेला बैल एका डोळ्यानं आंधळा निघाला म्हणून कुणी ठाण्यात जावं, तसं केलंस पोरी.

मग दिव्याच्या रोजाचं वाचलं अन् हासू गेलं. तुझ्या आज्यानं निजामाच्या राज्यात गावची बेगार सोडली. त्यापायी दोन साल गावाबाहीर काढले, पर पुन्हा कुणाच्या रानात फुकट गेला न्हाई. तुझ्या आईला, सरजाअक्काला ईच्यार, बल्ब लावला म्हणून बेगारीचं नाव बदलतंय का. आंगठा देऊ नगा. किशनरावाशिवाय कापूस न्हाई का दुनियेत? हितं जिनिंगात बाया घ्यायलेत. अक्काला म्हणाव, भावाचं घर हाय. अन् तू लय काळजी करून वाळू नको, आधीच काडी हायस.

मामा

लिहिणाऱ्याच्या चार ओळी: कस्तुरा, शरणार्थ. मी इथला वायरमन, म्हणून तोंड घालतो. विहिरीच्या मोटारीचं बिल हॉर्सपॉवरवर ठरतं, मीटरवर नाही. तुमच्या अकरा बल्बांपायी किशनरावांना काहीच जास्त पडलं नाही, रोज मात्र त्यांनी घेतला. आता नीट विचार करा. खांबावर आकडा कोणीही टाकू शकतो. मोटारीचा स्टार्टर मात्र कोठीत, कुलपाच्या आत असतो. तार आतून जोडलेली कोणी पाहिली आहे का? पाहिली असेल तर तेवढंच लिहा. तुम्ही बल्ब जाळला हे लिहू नका, दंड मागे लागेल. विचारलं नाही ते सांगणं घरच्या पत्रात चालतं, कार्यालयात चालत नाही. गरिबाला एका दिव्याची जोडणी कशी मिळेल, हेही त्याच साहेबांना विचारा. माणूस बरा दिसतो.

वीरभद्र


माळवस्ती, पेडगाव
दि. २६ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप मामास,
सविनय जयभीम. वि. वि.

अप्पांचा प्रश्न घेऊन मी घरोघर गेले. जोड सगळ्यांनीच पाहिला होता! रोजाच्या दिवशी भाकरीची गाठोडी कुत्र्यांनी ओढू नयेत म्हणून बाया ती कोठीत ठेवत. बायनाबाईंनी तर एकदा गाठोडं त्या तारेलाच अडकवायला घेतलं, तेव्हा किशनराव ओरडले होते की म्हातारे, ती तुमच्या वस्तीची तार हाय, हात लावशील तर मरशील. बायनाबाईंनी हे मला सांगितलं, मग लिहू नको म्हणाल्या, मग आणखी दोन गोष्टी सांगितल्या. कोठीची किल्ली किशनरावांच्या कमरेला असते. आम्ही आत आकडा टाकणार कसा? हे सगळं मी कागदावर घेतलं आहे, कोणी काय पाहिलं ते ज्याच्या त्याच्या नावापुढं.

आईला तुमचा आजोबांबद्दलचा निरोप वाचून दाखवला. ती ज्वारी पाखडत होती, पाखडतच राहिली. मग म्हणाली की सिताराम तेव्हा पाळण्यात होता, त्याला फक्त बेगार सोडल्याची गोष्ट ठाऊक आहे. त्या दोन वर्षांत पाथरीकडं लोकांच्या गोठ्यात दिवस काढताना तुमची मधली बहीण गोवरानं गेली, तिला वैद्याकडं न्यायला कोणी गाडी दिली नाही. आई सात वर्षांची होती, तिनं ते पाहिलं आहे. अठ्ठ्याहत्तर साली नामांतरावरून वस्तीवर दगड आले तेही तिनं पाहिलं. ती भित्री नाही मामा. हे मला त्या दिवशी कळलं, म्हणून लिहिते. रागावू नका.

अप्पांना सांगा, त्यांचं बाकी सगळं ऐकलं, एक ऐकलं नाही. आम्ही पाच महिने बल्ब जाळला, हे वाक्य मी ठेवलं आहे. ते खरं आहे. ते गाळलं तर खालचं खरंही गाळून-निवडून लिहिलंय असं वाटेल. दंडाची मला भीती वाटते, फार वाटते. पण ती भीती वाक्य लिहून झाल्यावरची आहे, आधीची नाही.

मामीला नमस्कार. माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
कस्तुरा


सेलू
दि. १ डिसेंबर १९८६

चि. कस्तुरास आशीर्वाद.

मधलीचं नाव ठावं होतं, ती कशानं गेली ते कुणी सांगितलं नव्हतं. अप्पा वाचता वाचता थांबला, मी म्हणलं वाच. आता अक्काला आंगठा देऊ नको म्हणून मी सांगणार न्हाई. तिचं तिनं ठरवावं. एक पोतं ज्वारी एस.टी.वर टाकून पाठवायलोय. भाऊ म्हणून हाय ते, निरोप म्हणून न्हाई.

मामा

लिहिणाऱ्याकडून: तुमचं ते वाक्य मला पटलेलं नाही. पुन्हा सांगणार नाही. कागदाच्या दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी हो म्हणाले म्हणून उठून येऊ नका.

वीरभद्र


माळवस्ती, पेडगाव
दि. ५ डिसेंबर १९८६

तीर्थरूप मामास,
सविनय जयभीम. वि. वि.

ज्वारी पोचली. आई म्हणाली, सितारामला पोतं शिवता येत नाही, वाटभर सांडलं असेल. मग आत जाऊन डोळे पुसून आली.

किशनरावांच्या कागदावर चार घरांनी अंगठा दिला. मी त्यांना काही बोलले नाही, त्यांच्या घरी लेकरं आहेत. माझ्या कागदावर सात घरांच्या सह्या झाल्या. बायनाबाईंनी सही केली, पण बल्ब मंद आहे हे पहिल्यांदा आपणच म्हणालो होतो तेही लिही म्हणून हटून बसल्या. लिहावं लागलं. मंगळवारी किशनरावांनी सातही घरच्या बायांना वेचणीवरून परत पाठवलं. सोमवारपासून त्या पोखर्णीच्या रस्त्यावरच्या एका शेतात जाणार आहेत. दोन कोस चालावं लागेल, पण मजुरी रोजच्या रोज मिळेल.

आईची सही सातवी. तिनं सगळा कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं की बायांनी फुकट काम केलं. ती म्हणाली की फुकट कसं? माझं अंग त्यात गेलं. दिव्यासाठी रोज दिला, कार्यालयाऐवजी किशनरावाला दिला, असं लिही. मी दोन्ही प्रतींत तसं केलं. मग तिनं सही केली. तिच्या ‘जा’चा काना रेघेखाली गेला, तर म्हणाली राहू दे, कळतंय.

त्याच कागदाखाली सात घरांसाठी एका-एका दिव्याच्या जोडणीची मागणी केली आहे, मीटरसकट. दिवसातून चारदा मी तो उघडून ऱ्हस्व-दीर्घ तपासते. चुका सापडत नाहीत, तरी तपासते. दंड आला तर हप्त्यानं भरू, हे सातही घरांत बोलून ठेवलं आहे.

उद्या सहा डिसेंबर, वस्ती वंदनेला जमेल. परवा रविवार. मामीला नमस्कार, अप्पांना शरणार्थ. तुम्हा सर्वांचं मन आमच्याकडं असू द्यावं.

तुमची,
कस्तुरा

ता. क. हे पाकीट चिकटवत होते तेवढ्यात किशनरावांचा माणूस आला. साहेब मंगळवारी पेडगावात येणार आहेत, किशनराव वाड्यावर सगळ्यांसमोर मिटवतो म्हणतात, तोवर पोरीनं परभणीला जाऊ नये, असा निरोप. निरोप मिळाला म्हणून मी सांगितलं. मंगळवारची वाट पाहत नाही. आई सोबत येते. कार्यालय साडेदहाला उघडतं, पहिल्या एस.टी.नं निघतो, सोमवारी, दि. ८ डिसेंबरला.