एक हजार चोवीस अंशांचं शीतगृह

तीर्थरूप मामांना,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून या खेपेला मनातल्या मनात.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीला नवं श्रवणयंत्र मानवलं का, की तुमचं बोलणं आता स्पष्ट ऐकू येतं म्हणून ती ते काढून ठेवते? इकडे सगळं ठीक. 'तू ऑफिसात नेमकं करतेस काय' असं तुम्ही दर भेटीत विचारता आणि मी विषय बदलते. आज सांगते, कारण प्रकरण तुमच्या सकाळच्या फिरण्याच्या सोबत्याचं आहे. औषधांच्या गोदामातलं शीतगृह सांभाळणारे, ज्यांना सगळे बर्फदादा म्हणतात, ते.

त्या शीतगृहाचं तापमान नोंदवणारा प्रोग्रॅम आमच्या ऑफिसचा. तो नीट चालतो की नाही हे बघणाऱ्या चाचण्या मी लिहिते. मागच्या मंगळवारी गोदामातला कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा तिथल्या साहेबांनी माळ्यावरचं एक जुनं, निराळ्याच जातीचं मशिन खाली काढलं. आम्ही त्यावर प्रोग्रॅम बसवून दिला, चाचण्या चालवल्या, सगळ्या पास. तासाभरात भोंगा वाजला. शीतगृहात १०२४ अंश! (चांदी याच्या आतच वितळते.) बर्फदादा त्या वेळी कानटोपी घालून आतच उभे होते आणि त्यांच्या नाकातून वाफ निघत होती.

साहेब म्हणाले, "चाचण्या पास आहेत, म्हणजे मशिन बरोबर. तुम्हीच दार उघडं टाकलं असणार." दार उघडं टाकल्याने हजार अंश कसे होतील, असं मी विचारलं, तर म्हणाले की आकडा थोडाफार पुढेमागे होतोच. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. लसींची चारशे खोकी नष्ट करण्यासाठी बाजूला काढायचं ठरलं, आणि त्याला शनिवारची मुदत पडली.

मी तीन दिवस तिथे पडीक होते. वायरी बदलल्या. तापमापक बर्फाच्या पाण्यात बुडवला, तर चोख शून्य दाखवलं. चाचण्या पुन्हा चालवल्या, पुन्हा पास. (तापमापक चहात बुडवला असता तर तिथेच उलगडा झाला असता, पण चहा मी पिऊन टाकला होता.) शेवटी मलाही दाराचा संशय यायला लागला, हे कबूल करते.

शुक्रवारी बर्फदादा स्वतः आमच्या ऑफिसात आले. भांडायला आले असतील म्हणून मी टेबलाखाली पडलेलं पेन बराच वेळ शोधत राहिले. त्यांनी एक वही पुढे केली. मंगळवारी भोंगा वाजल्यावर, घरी बसवण्याआधी, त्यांनी आपल्या पाऱ्याच्या तापमापकाचा आकडा आणि शेजारी मशिनचा आकडा असे ओळीने लिहिले होते. ३.९ ला ९९८.४. ४.० ला १०२४. ४.१ ला १०४९.६.

"ताई, हे बिघडलंय खरं," ते म्हणाले, "पण शिस्तीत बिघडलंय. पारा एक रेघ चढला की हे बरोबर पंचवीस पॉइंट सहा चढतं."

मामा, त्या आकड्याने माझे कान लाल झाले. तापमानाची संख्या कॉम्प्युटर दोन तुकडे करून ठेवतो. काही मशिनं मोठा तुकडा आधी ठेवतात, काही धाकटा. आपणही 'पंचवीस' बोलताना पाच आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी काढतो, तसंच. तापमापक धाकटा आधी पाठवत होता, जुनं मशिन त्यालाच मोठा समजत होतं, आणि मोठ्याची किंमत दोनशे छप्पन्नपट, म्हणून चाराचे हजार झाले. मग चाचण्या पास कशा? तर त्यांत दोनच तापमानं होती, शून्य आणि २५.७. मशिनच्या हिशेबात या दोन्हींचे तुकडे सारखेच, त्यामुळे उलटसुलट कशीही वाचली तरी ती तीच राहतात. असे आकडे मोजकेच आहेत, आणि नेमके तेच दोन निवडले गेले होते.

मी चाचणीत चार अंश घातले. ती नापास झाली. इतकं बरं मला स्वतः पास होतानाही वाटलं नव्हतं. मग प्रोग्रॅम दुरुस्त केला, अहवाल दिला. खोकी वाचली, बर्फदादा सोमवारी कामावर येतायत. एकंदरीत सगळं नीट पार पडलं. मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. अहवालात मी 'नमुन्याचे आकडे अपुरे निवडले गेले' असं लिहिलंय. कुणी निवडले ते लिहिलेलं नाही. साहेबांची समजूत अशी की आमच्याकडची नोकरी सोडून गेलेल्या एका मुलीने. (ती समजूत मी दूर केली नाही.) बर्फदादांनी जाताना हात जोडले, "तुमच्यामुळे वाचलो" म्हणाले, आणि मी "अहो, त्यात काय" म्हणाले. आकडे मी निवडले होते. तुम्ही रोज भेटता, तर चालता चालता सहज त्यांच्या कानावर घाला.

ता. क. २. वरचं रद्द. रविवारी पाच वाजता त्यांना तुमच्याकडे चहाला बोलवा, मीच सांगते. साहेबांना द्यायचा नवा अहवालही घेऊन येते, त्यात माझं नाव आहे. तुम्ही खोलीतून उठून जायचं नाही. त्यांना आधी काही बोलू नका. फक्त साडेपाचपर्यंत मी पोचले नाही, तर सांगून टाका.